स्वागताला डफ, बिदागीला हात वर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा, कारण विषय आपल्या जळगाव-धुळ्याचा आहे आणि हंगाम तोंडावर आलाय.

हंगाम म्हणजे महोत्सवांचा. दिवाळी उरकली, थंडी पडली की आपल्याकडे तालुक्यातालुक्यात मांडव पडायला लागतात. कुठे साहेबांच्या वाढदिवसाचा महोत्सव, कुठे फाउंडेशनचा, कुठे सरकारी, कुठे कृषी प्रदर्शनाला जोडलेला. चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि निम्म्याहून जास्त फ्लेक्सवर एक ओळ हमखास असते : "खान्देशी संस्कृतीचा जागर".

तो फ्लेक्स एकदा नीट बघा. वरच्या पट्टीत नेते. मधे मुंबईहून येणारी सिनेतारका किंवा टीव्हीवरचा गायक, फूटभर अक्षरात. त्याखाली निवेदकाचं नाव. त्याखाली साउंडवाल्याचं नाव. आणि अगदी तळाला, सौजन्याच्या वर, बारीक टायपात : "सोबत स्थानिक लोककलावंत".

सोबत. कोणाच्या सोबत? जागर खान्देशी संस्कृतीचा आहे ना? मग खान्देशी संस्कृती ज्याच्या गळ्यात आणि बोटात आहे, तो माणूस 'सोबत' कसा झाला? आणि त्याला नाव का नाही? मांडववाल्याला नाव आहे, जनरेटरवाल्याला आहे. वहीगायन करणाऱ्याला नाही, डफवाल्याला नाही, सातपुड्यातून ढोल घेऊन आलेल्या पावरा पोरांना नाही.

पंधरा-वीस वर्षं बातमीदारी करतोय, त्यात असे कार्यक्रम किती केले याची गणती नाही. एक प्रसंग सांगतो. गाव आणि आयोजक सांगत नाही, कारण ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही, दहा ठिकाणी हेच बघितलंय. वहीगायकांचा आठ जणांचा चमू होता. दुपारी तीनला बोलावलेलं. पाहुणे आले सातला. तोवर ही मंडळी कमानीजवळ उभी. गाड्यांचा ताफा आला तसा यांना पुढे केलं, "वाजवा, वाजवा", पाहुण्यांवर फुलं पडली, फोटो झाले, ताफा आत गेला. मग यांना सांगितलं, थांबा, तुमचं मंचावर पण आहे.

मंचावरचं आलं रात्री अकरा वाजता. तोपर्यंत सत्कार झाले, भाषणं झाली, तारका नाचून गेली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. डफ कातड्याचा असतो, थंडीत तो सैल पडतो. चार काटक्या पेटवून शेकला की मग बोलतो. मांडवाजवळ जाळ करायला मनाई, तेव्हा सैल डफावरच गाणं सुरू केलं. वही म्हणजे कथा असते, ती रंगायला वेळ लागतो. एक जण उचलतो, बाकीचे झील धरतात, मग हळूहळू चढत जाते. सातव्या मिनिटाला निवेदक माइक घेऊन आला, "वेळेअभावी आपण इथेच थांबतोय, जोरदार टाळ्या!" शाल, नारळ, फोटो. परतीची शेवटची एसटी केव्हाच गेलेली. त्यातले एक बाबा, साठी ओलांडलेले, मला म्हणाले, "भाऊ, आम्ही वाजाडाले उनूत, का राखण कराले?"

बिदागीचं विचारलं तर आयोजकांचा माणूस म्हणाला, "त्यांना एवढं मोठं व्यासपीठ मिळालं ना!"

माझी आजची सगळी पोस्ट या एका वाक्याविरुद्ध आहे.

व्यासपीठाने पोट भरत नाही. हे आठ जण शेतमजूर होते. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या दिवसाची प्रत्येकाची मजुरी बुडाली, दुसऱ्या दिवशीची अर्धी बुडाली, गाडीभाडं खिशातून गेलं. म्हणजे खान्देशी संस्कृतीच्या जागराला त्या मांडवात सगळ्यात जास्त देणगी कोणी दिली असेल तर ती या आठ मजुरांनी. स्क्रीनवाल्याने आधी ॲडव्हान्स घेतला. साउंडवाल्याने कोटेशन दिलं. तारकेच्या माणसाने पैसे खात्यात पडल्याशिवाय गाडी हलवली नाही. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. धंदा असाच करायचा असतो. मग या एका माणसालाच "स्वखुशीने जे काही द्यायचं ते" का?

आता गंमत बघा. आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं. खान्देशातलं कुठलंही गाव घ्या, जत्रा आली की पंच बसायचे, घरटी वर्गणी काढायचे आणि तमाशाच्या फडाला सुपारी द्यायचे. सुपारी दिली म्हणजे व्यवहार पक्का. तारीख ठरली, रक्कम ठरली, इसार हातात पडला. फड मुक्कामाला आला की त्याच्या चुलीची, लाकूडफाट्याची सोय गावाने करायची. भिका-भीमा सांगवीकरांचा फड असो की जळगावचं आनंद लोकनाट्य तमाशा मंडळ, फुकट कोणी नाचवलं नाही. त्या पंचांपैकी कोणी 'संस्कृती' हा शब्द उच्चारत नव्हतं, लोककला जपण्याची शपथ घेत नव्हतं. पण कलावंताचा पैसा बुडवला तर पुढच्या वर्षी गावात फड येणार नाही, आणि पंचक्रोशीत गावाची अब्रू जाईल, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

तिथेही सगळं गोड नव्हतं. फडातल्या बायांना जे ऐकून घ्यावं लागलं, जातीमुळे जे सोसावं लागलं, ते मी झाकत नाही. पण व्यवहार हा व्यवहार होता. आज लाखांचं बजेट असलेला महोत्सव त्या वर्गणीवाल्या जत्रेपेक्षा व्यवहारात कच्चा निघतो, याला काय म्हणायचं?

याचा पुढचा फटका अजून मोठा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. २०२४ पासून त्यात महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. पन्नाशी ओलांडलेला साहित्यिक किंवा कलावंत अर्ज करू शकतो, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला शंभर जणांची निवड होते. आता अर्ज करायचा म्हणजे काय लागतं? वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि इतकी वर्षं कला केली त्याचा पुरावा. पुरावा म्हणजे निमंत्रणपत्र, प्रमाणपत्र, नावासकट छापून आलेलं कात्रण.

कुठून आणायचा? आयोजकाने फोनवर बोलावलं, पत्र दिलं नाही. फ्लेक्सवर 'स्थानिक लोककलावंत' लिहिलं, नाव नाही. पेपरात बातमी आली, "लोककलावंतांनी उपस्थितांची मने जिंकली", त्यातही नाव नाही. शालीवर तर काहीच लिहिलेलं नसतं. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाकडे घरात वीस शाली असतात आणि कागद एकही नसतो. म्हणजे तुम्ही त्या रात्री फक्त त्याची बिदागी बुडवत नाही, त्याच्या म्हातारपणाचे महिन्याचे पाच हजार पण बुडवता. एका साध्या पत्राला किती खर्च येतो? लेटरहेड, सही, शिक्का.

आता बहिणाबाईंबद्दल बोलू, कारण त्यांच्याशिवाय खान्देशातला एकही मंच सुरू होत नाही. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी, शेतात आणि जात्यावर गाणी रचणारी बाई. मुलाने, सोपानदेवांनी ती गाणी उतरवलेली जपली, आचार्य अत्र्यांच्या हातात ती वही पडली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. तोवर बहिणाबाई गेलेल्या होत्या, १९५१ च्या डिसेंबरात. जिवंतपणी त्यांना कोणी मंचावर बसवलं नाही. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, अभिमानाची गोष्ट आहे.

पण जरा मनाशी विचारा. आज एखादी बहिणाबाई असोद्यात, भादलीत, किंवा साक्रीकडच्या एखाद्या खेड्यात असेल, तर आपल्या महोत्सवात तिला कुठे बसवतील? मंचावर? मला तर वाटतं, सेल्फी पॉइंटला बसवतील. नऊवारी नेसवून, सजवलेल्या जात्याजवळ. पाहुणे येतील, जात्याला हात लावून फोटो काढतील आणि पुढे जातील. ती काय गातेय हे ऐकायला कोणी थांबणार नाही.

मी उगाच बोलत नाहीये. आखाजीची गाणी कोणाला येतात? बायांना. भुलाबाईची कोणाला? बायांना आणि पोरींना. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला देवीचं रूप देऊन सजवतात, रोटाचा स्वयंपाक होतो, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. त्या रात्रभरच्या गाण्यांचा साठा कोणाकडे आहे? साठ-सत्तर वर्षांच्या आज्यांकडे. पण त्यांचा 'ग्रुप' नाही, रजिस्ट्रेशन नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. म्हणून त्या कलावंत नाहीत. त्या फक्त 'महिला भगिनींची लक्षणीय उपस्थिती'.

आणि निवेदक मंडळींनो, हात जोडून एक विनंती. मंचावरून बहिणाबाईंना "अहिराणीच्या थोर कवयित्री" म्हणणं थांबवा. त्यांची बोली जळगाव-भुसावळ-यावल पट्ट्यातली, लेवा गणबोली. अहिराणी म्हणजे धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, साक्री, तिकडे मालेगाव-सटाण्यापर्यंत. सातपुड्यात पावरी आणि भिली. गुजर समाजाची गुजरी वेगळी, बंजारा तांड्यांवरची गोरबोली वेगळी. एका खान्देशात इतक्या बोली आहेत आणि प्रत्येकीची गाणी वेगळी. ज्याला खान्देशाचा जागर करायचाय त्याला निदान एवढं माहीत असावं. ब्रिटिशांच्या काळात ग्रिअर्सनने भाषांची पाहणी केली तेव्हा खान्देशीचं वेगळं प्रकरण केलं होतं, १९०७ साली ते छापून आलं. शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्या अधिकाऱ्याला जो फरक दिसला तो आपल्या माइकवाल्याला दिसू नये?

बोलीचा आकडाही ऐका. २००१ च्या जनगणनेत ज्यांनी आपली भाषा खान्देशी किंवा अहिराणी सांगितली ते २० लाखांच्या वर होते. २०११ मध्ये तो आकडा साडेअठरा लाखांवर आला. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली आणि यांची कमी झाली. माणसं कुठे गेली नाहीत. पोरांना शाळेत, कॉलेजात, ऑफिसात लाज वाटायला लागली आणि रकान्यात 'मराठी' लिहिलं गेलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, वाटायलाच पाहिजेत. पण अभिजात मराठीच्या झाडाची मुळं या बोलींच्याच मातीत आहेत. त्या बोलीत गाणाऱ्याला कमानीबाहेर उभं करायचं आणि आत अभिजाततेवर परिसंवाद घ्यायचा, हे बरोबर नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. मी चार आयोजकांशी बोललो. सगळे काही वाईट नाहीत, काही तर पदरमोड करणारे आहेत. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींत येतं.

पहिलं, "स्टार आणला नाही तर गर्दी जमत नाही, गर्दी नाही तर प्रायोजक नाही." मान्य, अर्धं मान्य. स्टार आणा. पण लोकांना आपलं आवडत नाही हे मला पटत नाही. 'झुमकावाली पोर' देशभर रील्समध्ये वाजली, ती अहिराणी आहे. यूट्यूबवर अहिराणी गाणी कोटींच्या घरात बघितली जातात. एकही लग्नाची वरात त्याशिवाय हलत नाही. सुरतेत जा, उधना-लिंबायतला. कामासाठी गेलेले आपले लोक तिथे कानबाई बसवतात, रस्त्यावर मिरवणूक काढतात. ना स्टार, ना प्रायोजक. सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूरच्या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात, मोठमोठे ढोल आणि पावरी वाजते, हजारो माणसं येतात. कोणत्या तारकेसाठी? गर्दी आपल्या कलेला होते. रात्री अकरा वाजता, सैल डफावर, सात मिनिटांत होत नाही, एवढंच. आठ वाजता भरल्या मांडवात पाऊण तास देऊन बघा.

दुसरं, "बजेट नसतं हो." हे तर सरळ खोटं आहे. ज्या कार्यक्रमात ड्रोन आहे, स्क्रीन आहे, व्हीआयपी सोफे आहेत, तिथे आठ जणांच्या मजुरीचं आणि गाडीचं बजेट नसतं? पैसा खान्देशात येत नाही असंही नाही. २०२४ च्या २ ते ४ फेब्रुवारीला अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी. संमेलनासाठी राज्याचं अनुदान आता दोन कोटी आहे. त्याच दिवसांत त्याच अमळनेरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, तेही लोकवर्गणीवर. त्याच सुमाराला सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात महासंस्कृती महोत्सव घेतले. कोणत्या कार्यक्रमात कोणाला किती मिळालं याचा निवाडा मी इथे करत नाही. माझं म्हणणं एवढंच की साहित्य-संस्कृतीच्या नावाने पैसा उभा राहतो. सरकार देतं, कंपन्या देतात, व्यापारी देतात, तुम्ही-आम्ही पावती फाडतो. तो डफवाल्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न आहे.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं, "त्यांची पैशाची अपेक्षाच नसते, ते कलेवरच्या प्रेमापोटी येतात." डॉक्टरचं पेशंटवर प्रेम असतं म्हणून फी माफ होते का? मास्तरांचं पोरांवर प्रेम असतं म्हणून पगार थांबतो का? मग गरिबाचंच प्रेम एवढं स्वस्त कसं? तो मागत नाही, कारण मागितलं तर पुढच्या वर्षी दुसरा चमू बोलावतील हे त्याला माहीत आहे. त्याच्या गप्प बसण्याला 'अपेक्षा नाही' म्हणणं ही लबाडी आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. थोडं लांबचं उदाहरण देतो, पण ते आपल्याला लागू पडतं म्हणून. अमेरिकेत मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना लॅटिनो म्हणतात. त्यातले खूप जण शेतमजूर. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात डेलानो भागातल्या द्राक्षमळ्यांत मजुरांचा संप झाला. लुइस वाल्देझ नावाच्या तरुणाने त्या मजुरांनाच घेऊन नाटकाचा फड उभा केला, नाव ठेवलं 'एल तेआत्रो कांपेसिनो', म्हणजे शेतकरी-मजुरांचं नाटक. रंगमंच कोणता? उघडा ट्रक. मळ्याच्या बांधाशी ट्रक लावायचा आणि त्यावर मजुरांनी मालकाची आणि मुकादमाची नक्कल करायची, आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखी. त्याच वाल्देझचं नाटक १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लागलं.

त्याच देशात १९६८ मध्ये सरकारने या लोकांच्या वारशाचा एक सप्ताह जाहीर केला, १९८८ मध्ये तो महिना झाला, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्या महिन्यात शाळा, लायब्ररी, कंपन्या सगळ्यांना त्यांचं नाचगाणं हवं असतं. आणि तिथल्या कलावंतांची तक्रारही आपल्यासारखीच : महिना सरला की आम्हाला कोणी ओळखत नाही. झालर म्हणून बोलावणं आणि कलावंत म्हणून बोलावणं यात फरक आहे, तिकडेही आणि इकडेही. फरक एवढाच की वाल्देझच्या मजुरांनी कोणाच्या कमानीजवळ उभं राहायचं नाकारलं, स्वतःचा ट्रक लावला.

आपल्या कलावंतांनाही एक दिवस तो ट्रक लावावा लागेल. काही ठिकाणी ते एकत्र येऊ लागलेत, चांगली गोष्ट आहे. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून आपण मोकळं व्हायचं नाही. म्हणून काही ठोस मागण्या. यातली एकही अशक्य नाही.

१. फ्लेक्सवर, पत्रिकेत, बातमीत कलावंताचं नाव आणि गाव. 'स्थानिक लोककलावंत' हा शब्द बंद.

२. लेखी निमंत्रण. त्यात तारीख, वेळ, किती मिनिटं आणि किती बिदागी हे स्पष्ट. निम्मी रक्कम आधी, निम्मी मंचावरून उतरताच. गाडीभाडं आणि जेवण वेगळं. मुक्काम पडणार असेल तर झोपायची नीट सोय.

३. स्वागताला वाजवायला लावायचं असेल तर तो वेगळा कार्यक्रम, त्याचे वेगळे पैसे. मंचावरचा वेळ संध्याकाळच्या भर गर्दीतला, आणि मधे माइक हिसकायचा नाही. डफ शेकायला मांडवापासून दूर का होईना, एक कोपरा द्या.

४. कार्यक्रम झाल्यावर सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. शाल एक वेळ नाही दिली तरी चालेल.

५. बायांच्या गाण्यांना कार्यक्रमाचा दर्जा. कानबाईची, आखाजीची, भुलाबाईची गाणी गाणाऱ्या आज्यांना बिदागी. त्यांचं नाव, त्यांचा फोटो, त्यांचा वेळ.

६. हिशेब. ज्या कार्यक्रमाला सरकारी पैसा लागलाय तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विचारायचं : एकूण खर्च किती, बाहेरच्या कलाकारांवर किती, जिल्ह्यातल्या कलावंतांवर किती, नावानिशी यादी द्या. खाजगी मंडळाला हा कायदा लागत नाही, पण वर्गणी देणाऱ्याला विचारायला कायदा कशाला हवा?

हा शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी आहे. येत्या महिनाभरात तुमच्या दुकानात, घरी, ऑफिसात पोरं पावतीपुस्तक घेऊन येतील. आपलीच पोरं असतात, उत्साही असतात, त्यांच्यावर डाफरू नका. चहा पाजा. फक्त पावती फाडायच्या आधी एक विचारा, "काय भो, आपल्या इकडचं कोण गातंय या वर्षी? नाव काय त्याचं? आणि त्याला देताय किती?" पोरांना उत्तर माहीत नसेल. ते जाऊन अध्यक्षाला विचारतील. दहा दुकानांतून हाच प्रश्न गेला तर अध्यक्षाला उत्तर शोधावं लागेल. शंभर दुकानांतून गेला तर पुढच्या फ्लेक्सवर नाव छापावं लागेल.

आयोजकांपैकी कोणाला ही पोस्ट झोंबली असेल तर माझा नंबर तुमच्याकडे आहेच. या वर्षीची तुमची लोककलावंतांची यादी आणि दिलेली रक्कम मला पाठवा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या गावातल्या मंडळाने हे काम नीट केलं असेल, लेखी बोलावून, वेळेवर पैसे देऊन, नाव छापून, तर तेही कळवा. त्या मंडळाची बातमी मी स्वतः येऊन करेन, कलावंतांच्या नावासकट.